आजोबांची पेटी आणि परदेशचे गिऱ्हाईक

पेडणे अथवा डिचोली तालुक्यातील एखाद्या जुन्या घराचा माळा झाडावयास काढला की, पत्र्याची एक पेटी बहुधा हाती लागतेच. तीत पिवळी पडलेली पत्रे असतात, आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो असतो, जमिनीचे कागद असतात, आणि तळाशी फडक्यात बांधलेली काही नाणी असतात. काहींवर पोर्तुगालचे राजचिन्ह, तर काहींवर इंग्लंडच्या राजाचे मुख. ही दोन राज्ये एका फडक्यात कशी आली, हे सरहद्दीवरच्या माणसास सांगावयास नको. पत्रादेवीपलीकडे सावंतवाडीची वाट, डिचोलीपलीकडे दोडामार्ग. बाजार एक, सोयरिकी एक, परंतु १९६१ च्या डिसेंबरापर्यंत राज्ये मात्र दोन आणि नाणीही दोन.

या पेटीकडे आजवर कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. मुले खेळावयास नाणी घेत आणि हरवीत. आता दिवस पालटले आहेत. घरातील नातू मोबाईलवर पाहून म्हणतो, “आजोबा, ह्या रुपयाला परदेशात डॉलर मिळतात! लिस्बनचे लोक घेतात, अमेरिकेचे घेतात.” आजोबा म्हणतात, “घेतात तर घेऊं देत. पण पैसे हातात पडल्यावाचून वस्तू हातातून सोडूं नकोस हो, बाबा.” आजोबांचा हा सल्ला त्यांच्या काळी पुरेसा होता. आज तो पुरेसा नाही. कारण इंटरनेटवर कार्डाने केलेल्या व्यवहारात पैसे हातात पडले, तरी ते आपले झाले असे होत नाही. ते चार-सहा महिन्यांनीही परत जाऊ शकतात, आणि वस्तू मात्र परत येत नाही. हे कसे घडते, आणि आपल्या घरातील माणसांनी त्यापासून कसे सावध राहावे, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

पेटीत काय असते?

प्रथम वस्तूंचीच ओळख करून घेऊ. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात रुपिया, टांगा आणि रेईस असे चलन होते. सोळा टांग्यांचा एक रुपिया. राजा लुईश पहिला याच्या मुखाचे चांदीचे रुपये १८८१ व १८८२ सालचे आहेत. राजा कार्लुश याचे १९०३ व १९०४ सालचे. पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर १९१२ सालचा रुपया निघाला, पुढे १९३५ चा, आणि नंतर १९४७ व १९५२ चे. शेवटी एस्कुदो व सेंताव्हो आले. त्यांवर १९५८ आणि १९५९ ही साले बहुधा आढळतात. सहा एस्कुदो म्हणजे एक रुपया, हा हिशेब आपल्या वडीलधाऱ्यांना अजून तोंडपाठ असेल. त्याखेरीज बँको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेच्या नोटा असतात. टपालाची तिकिटे असतात. पोर्तुगीज भारताचे पहिले तिकीट १८७१ साली निघाले. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाने १९३१ साली तिकिटे निघाली, आणि त्यांच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली म्हणून १९५२ सालीही निघाली. ही तिकिटे कित्येक भाविक घरांत प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवलेली दिसतात.

यांतील पुष्कळ वस्तू फार दुर्मिळ नाहीत, हेही येथेच सांगून टाकणे बरे. १९५८-५९ ची नाणी विपुल आहेत. नाण्याचे मोल त्याच्या वयापेक्षा त्याच्या स्थितीवर अधिक अवलंबून असते. झिजलेल्या नाण्यास चांदीचा भाव मिळतो. न झिजलेल्यास त्याच्या कितीतरी पट. हा स्थितीचा प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे फसवणुकीचे मूळ येथेच सापडणार आहे.

एक सौदा

आता समजा, आपल्या गावातील एका तरुणाने १९३५ आणि १९४७ सालच्या चांदीच्या रुपयांचा एक संच इंटरनेटच्या बाजारात मांडला. परदेशातील एका गिऱ्हाइकाने तो दोनशे डॉलरांस घेतला आणि क्रेडिट कार्डाने पैसे भरले. दोन दिवसांत पैसे जमा झाल्याची सूचना आली. तरुणाने नाणी कापसात गुंडाळली, डब्यात घातली, टपाल कचेरीत जाऊन पाठवून दिली. आलेल्या पैशांतून घराच्या छपराची कौले बदलली. तीन महिने गेले. पावसाळा आला. एके दिवशी पत्र आले की, गिऱ्हाइकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली आहे. वस्तू मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे आहे. सबब दोनशे डॉलर आपल्या खात्यातून परत घेण्यात आले आहेत, आणि तक्रारीच्या कामाची वेगळी फीही आपणांवर बसली आहे.

नाणी गेली, पैसे गेले, वर दंड बसला. कौले काही उतरवून परत देता येत नाहीत. वरील तरुण कल्पनेतील आहे. परंतु हा प्रकार मात्र जगभरच्या लहान विक्रेत्यांच्या चांगला परिचयाचा आहे. या पैसे उलटविण्याच्या रीतीस ‘चार्जबॅक’ असे नाव आहे.

चार्जबॅक कोठून आला?

ही रीत मुळात वाईट हेतूने निघालेली नाही. १९५८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या गावी एका मोठ्या बँकेने साठ हजार कार्डे, कोणी मागितली नसताना, टपालाने घरोघर पाठवून दिली. पुढे ज्या कार्डाचे नाव १९७६ साली ‘व्हिसा’ असे झाले, त्याचा हा आरंभ. गोव्याच्या एस्कुदोच्या नाण्यांवर आढळते तेच हे साल! त्या कार्डांपैकी कित्येक चोरांच्या हाती पडली, कित्येकांनी पैसे भरलेच नाहीत, आणि बँकेस मोठी ठोकर बसली. न मागता कार्डे पाठविण्यास अमेरिकेने १९७० साली कायद्याने बंदी केली. पुढे १९७४ साली तेथे असा कायदा झाला की, बिलात चूक असेल, अथवा घेतलेली वस्तू मिळालीच नसेल, तर गिऱ्हाइकाने ठरावीक मुदतीत बँकेस लेखी कळवावे; चौकशी होईपर्यंत तेवढी रक्कम त्याच्याकडून वसूल करू नये. त्याच साली इंग्लंडातही असाच एक कायदा झाला. त्यातील ७५ व्या कलमाप्रमाणे ठरावीक किमतीच्या खरेदीत विक्रेत्याने फसविले, तर कार्ड देणारी संस्थाही जबाबदार राहते. स्विंडनसारख्या गावी नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या गोमंतकीय बांधवांस या कलमाचा उपयोग ठाऊक असेल.

कायद्यांचा हेतू चांगला होता. शेकडो मैल दूर बसलेल्या व्यापाऱ्याने गरीब गिऱ्हाइकास लुबाडू नये, म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात ही काठी दिली. कार्डाच्या कंपन्यांनी आपले नियमही त्याच धर्तीवर केले. परंतु काठी ज्याच्या हातात आहे तो साधू असला तर ठीक. चोर असला तर तीच काठी दुसऱ्याच्या डोक्यात बसते.

व्यवहाराची वाट समजून घेतली म्हणजे हे स्पष्ट होईल. गिऱ्हाइकाने पैसे भरले, म्हणजे त्याच्या बँकेने कार्ड कंपनीमार्फत विक्रेत्याच्या बँकेस किंवा मधल्या संस्थेस पैसे दिले, आणि त्यांनी ते विक्रेत्यास दिले. गिऱ्हाइकाने तक्रार केली की पैसे याच वाटेने उलटे चालू लागतात. गिऱ्हाईक आपल्या बँकेकडे जातो. ती बँक त्याची आहे, विक्रेत्याची नव्हे. विक्रेत्याचे पैसे आधी काढून घेतले जातात आणि मग त्यास विचारतात, “तुमचे काय म्हणणे आहे?” विक्रेत्याने मुदतीत पुरावा दिला नाही, तर प्रश्न तेथेच मिटला. व्हिसाच्या नियमांत अशा तक्रारीस साधारणतः १२० दिवस मिळतात. परदेशी गिऱ्हाइकांकडून पैसे घेण्यासाठी आपल्याकडील पुष्कळ लोक ‘पेपाल’ या संस्थेचा उपयोग करतात. तेथे गिऱ्हाइकास १८० दिवस आहेत. म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुमारास विकलेल्या वस्तूची तक्रार शिगम्याच्या सुमारास येऊ शकते!

फसवणुकीच्या तीन वाटा

पहिली वाट चोरीच्या कार्डाची. कोणा तिसऱ्याच माणसाच्या कार्डाचे आकडे चोरून ठग वस्तू मागवितो. खरा कार्डधारक महिन्याचे बिल पाहतो, चकित होतो आणि बँकेस कळवितो. त्याची तक्रार खरी असते. त्यास पैसे मिळणे न्याय्यच आहे. पण वस्तू ठगाने पळविली आणि भुर्दंड बसला तो आपल्या विक्रेत्यास. अशा ठगास नाणी आवडतात, कारण ती लहान असतात, टपालाने सहज जातात, आणि आल्या दिवशी दुसऱ्यास विकता येतात.

दुसरी वाट अधिक लाजिरवाणी आहे. येथे गिऱ्हाईक स्वतःच्याच कार्डाने, स्वतःच्याच नावाने वस्तू घेतो, ती त्यास मिळते, आणि मग तो बँकेस सांगतो की मिळाली नाही. किंवा हा व्यवहार मी केलाच नव्हता. इंग्रजीत या प्रकारास मित्रत्वाची फसवणूक अशा अर्थाचे नाव पडले आहे. हे मित्रत्व कसले, ते देवच जाणे! याचा कर्ता पुष्कळदा सराईत चोर नसतो; चारचौघांत मानाने वावरणारा गृहस्थ असतो. त्याच्या मनाची समजूत अशी की, “बँक श्रीमंत आहे, तिचे काय जाते?” परंतु बँकेचे एक पैही जात नाही.

तिसरी वाट संग्राह्य वस्तूंच्याच व्यापारात विशेष आढळते. गिऱ्हाईक म्हणतो, “वस्तू मिळाली, पण वर्णनाप्रमाणे नाही, नाणे झिजलेले आहे,” किंवा “नकली आहे.” मग तो पैसे परत घेतो आणि वस्तूही परत पाठवितो, पण परत येते ती आपली नव्हे. आपण पाठविलेले चकचकीत नाणे त्याने ठेवून घेतलेले असते, आणि डब्यातून त्याच सालचे, पण गुळगुळीत झालेले नाणे निघते. कधी नकली नाणे निघते, कधी नुसता कागद. येथेच स्थितीचा तो प्रश्न आडवा येतो. तांदळाची पिशवी वजनाने मोजता येते. मोबाईलवर कंपनीचा क्रमांक असतो. परंतु १९३५ सालचा एक रुपया आणि त्याच सालचा दुसरा रुपया यांतील फरक जाणत्या डोळ्यांसच दिसतो, आणि बँकेतील कारकून काही नाणेतज्ज्ञ नसतो. तिकिटांची गोष्ट आणखी कठीण. १८७१ सालच्या त्या पहिल्या तिकिटांच्या नकला पूर्वीपासून बाजारात आहेत, त्यामुळे ‘हे खोटे आहे’ असे म्हणणाऱ्यावर विश्वास बसावयास वेळ लागत नाही.

शिवाय पोहोचल्याची पावती येथे उपयोगी पडत नाही. पेपालच्या नियमांप्रमाणे ‘वस्तू मिळाली नाही’ किंवा ‘व्यवहार मी केला नाही’ अशी तक्रार असेल, तर पाठवणीचा योग्य पुरावा असलेल्या विक्रेत्यास संरक्षण मिळू शकते. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीस ते संरक्षण नाही. ठगांना हा भेद आपल्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

आपला विक्रेता अधिक उघडा का पडतो?

आपल्या देशात इंटरनेटवर कार्डाने पैसे भरताना मोबाईलवर आलेला गुप्त आकडा घालावा लागतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ही दुसरी ओळख पटविणे भारतीय कार्डांस सक्तीचे केले. अशी ओळख पटवून झालेला व्यवहार ‘मी केलाच नाही’ असे म्हणणे अवघड जाते. परदेशच्या कार्डांस मात्र आपल्या रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू नव्हता. अनेक परदेशी कार्डांवर नुसते आकडे आणि मागील बाजूचा क्रमांक घातला की पैसे निघतात. आणि पोर्तुगीज अमदानीच्या नाण्यांचे चांगले भाव देणारे गिऱ्हाईक तर पुष्कळसे परदेशीच. ईबेच्या बाजाराची भारतातील शाखा २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली, पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सोय बंद केली. परदेशी गिऱ्हाइकास विकण्याची वाट तेवढी उघडी राहिली. म्हणजे जेथे जोखीम अधिक, तेथेच आपला माणूस उभा आहे.

फसला तर दाद कोठे मागावी? खोटे सांगून माल किंवा पैसा लुबाडणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण दोनशे डॉलरांसाठी सातासमुद्रापलीकडील गिऱ्हाइकास पेडण्याच्या कोर्टात कोण आणणार? म्हणून औषधापेक्षा पथ्यच येथे अधिक गुणकारी.

घरच्या घरी होणारी फसवणूक

सगळे ठग परदेशातच आहेत असे मात्र नव्हे. आपल्याकडे एक वेगळीच युक्ती चालते. अमुक छापाच्या पाच रुपयांच्या नाण्यास लाखो रुपये मिळतात, अशी जाहिरात मोबाईलवर येते. माणूस हुरळून आपले नाणे मांडतो. लगेच गिऱ्हाईक फोन करतो, लाखांचा भाव कबूल करतो आणि म्हणतो, “फक्त नोंदणीची फी आधी भरा, मग कराची रक्कम भरा.” २०२१ च्या जून महिन्यात बंगळूरच्या एका शिक्षिकेची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. १९४७ सालच्या एका रुपयास एक कोट रुपये देतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने कराच्या नावाखाली त्यांच्याकडूनच लाखभर रुपये काढले. त्यानंतर ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेस जाहीर सूचना काढावी लागली की, जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही, आम्ही त्यासाठी कोणाकडून फी मागत नाही, आणि आमच्या नावाने ती मागण्याचा अधिकार कोणासही दिलेला नाही.

विकणाऱ्यानेच आधी पैसे भरावयाचे, हा कोणता व्यापार? आठवड्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईस जर गिऱ्हाईक म्हणाला, “मावशी, तुमचे मासे घेतो, पण आधी मला शंभर रुपये द्या,” तर ती बाई त्यास काय उत्तर देईल, हे येथे लिहिण्याजोगे नाही! तेवढा विवेक आपण मोबाईलपुढेही जागा ठेवावा.

कायद्याची वेस

आणखी एक गोष्ट पुष्कळ सज्जनांस ठाऊक नसते. १९७२ साली आपल्या देशात पुरावस्तूंविषयी कायदा झाला. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठविण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारास व त्याने नेमलेल्या संस्थेस आहे. खाजगी माणसाने ती बाहेर पाठविणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. पुरावस्तूंचा व्यापार करावयाचा तर त्यासही परवाना लागतो. ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखितांस व कागदपत्रांस ही मर्यादा शंभर नव्हे, पंचाहत्तर वर्षांची आहे.

म्हणजे लुईश राजाचा १८८१ चा रुपया, कार्लुश राजाचा १९०३ चा, इतकेच नव्हे तर १९१२ चा रुपयासुद्धा परदेशी गिऱ्हाइकास टपालाने पाठविता येत नाही. जो तरुण अजाणता असे नाणे पाठवितो, त्याची अवस्था दुहेरी कठीण होते. गिऱ्हाइकाने फसविले तरी तो तक्रारही कोणत्या तोंडाने करणार? वयाविषयी शंका असेल, तर वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून घेता येतो. जुने नाणे विकावयाचेच असेल, तर ते देशातल्या देशात, परवानेधारक व्यापाऱ्यासच विकावे.

पथ्य

विक्री करणाऱ्या घरांनी पुढील पथ्ये सांभाळावीत, अशी आमची विनंती आहे.

वस्तू पाठविण्यापूर्वी तिची दोन्ही बाजूंची मोठी व स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत. सोनाराच्या तराजूवर तिचे वजन करून त्याचेही छायाचित्र ठेवावे. प्रत्येक नाण्यावर कोठेतरी बारीक ओरखडा, डाग, किनारीची खोच असतेच. ती खूण टिपून ठेवावी. बदललेले नाणे परत आले, तर हीच खूण आपली साक्षीदार होते.

वर्णन करताना दोष लपवू नये, उलट आधी सांगावेत. ‘किनारीवर खोच आहे’ असे आपणच लिहून ठेवले, तर गिऱ्हाइकास त्यावरून भांडावयास जागा उरत नाही. प्रामाणिकपणा हा येथे धर्म तर आहेच, पण ढालही आहे.

पैसे भरताना जो पत्ता दिला गेला, त्याच पत्त्यावर वस्तू पाठवावी. “माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवा,” असे मागाहून सांगणाऱ्यापासून सावध राहावे. ठरल्यापेक्षा अधिक पैसे भरून “वरचे पैसे दुसऱ्या मार्गाने परत करा,” असे म्हणणारा तर निश्चित ठगच समजावा.

वस्तू बांधताना मोबाईलवर त्याचे चित्रण करावे. वाटेतील प्रत्येक टप्पा दिसेल आणि घेणाऱ्याची सही होईल, अशाच रीतीने पाठवावी, आणि मोलाच्या वस्तूचा विमा उतरावा. देशातल्या देशात पाठविताना लक्षात असावे की, आपली जुनी रजिस्टर टपालाची सोय १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळविण्यात आली आहे. तेव्हा कचेरीत नोंदणी किंवा गुप्त आकडा सांगून पोहोचविण्याची सोय मागून घ्यावी. पावती फेकू नये.

तक्रारीचे पत्र आले, तर रागाने अथवा निराशेने गप्प बसू नये. मुदत थोडी असते. छायाचित्रे, वजन, पावती, गिऱ्हाइकाशी झालेला सर्व पत्रव्यवहार, हे नीट जुळवून शांत भाषेत उत्तर द्यावे. मुदतीत उत्तर न देणारा विक्रेता खरा असला तरी हरतो.

आणि मुख्य म्हणजे आलेले पैसे तक्रारीची मुदत टळेपर्यंत खर्चू नयेत. ते आपल्या घरात आलेले पाहुणे समजावेत. घरची माणसे नव्हेत. पैशांची निकड असेल, तर परदेशच्या मोठ्या भावाचा मोह सोडून, नाण्यांच्या प्रदर्शनात अथवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडे समक्ष, हातोहात व्यवहार करावा. भाव थोडा कमी मिळेल, पण झोप शांत लागेल.

पैसे भरताना फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात. लाज वाटून गप्प राहणे म्हणजे पुढच्या माणसाच्या गळ्याला फास तयार ठेवणे होय.

कार्ड ज्याच्या हातात आहे, त्यास दोन शब्द

येथवर विकणाऱ्यास सांगितले. आता घेणाऱ्यास सांगावयाचे आहे, कारण तोही आपल्याच घरात आहे. आखातात, बोटीवर, इंग्लंडात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या खिशात आज कार्डे आहेत. त्यांना कोणी खरोखर फसविले, तर त्यांनी बेधडक तक्रार करावी. तो त्यांचा हक्क आहे. आपल्या देशातही रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असा नियम घातला की, त्रयस्थाने परस्पर पैसे काढले असतील आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविले, तर त्याची काही जबाबदारी राहू नये. हक्क आहे तेथे संकोच नको. मात्र वस्तू उशिरा आली, मनास आली नाही, तर प्रथम विकणाऱ्यास पत्र लिहावे. बँकेची पायरी नंतर.

परंतु सोबती म्हणेल, “अरे, मिळाले नाही म्हणून सांग, पैसे परत येतात, सगळेच करतात.” त्या वेळी एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. त्या वस्तूच्या दुसऱ्या टोकास बँकेची काचेची इमारत नाही. तेथे कोणाचे तरी आजोबा आहेत, कोणाची तरी पत्र्याची पेटी आहे, आणि पावसाळ्यापूर्वी बदललेली कौले आहेत. बँकेस जे सांगावयाचे ते शेजाऱ्याविरुद्धची साक्षच असते, मग तो शेजारी पाच हजार मैलांवर का असेना. खोटी साक्ष देऊ नये, हे आपण लहानपणीच शिकलो आहोत. तेथे ‘इंटरनेट वगळून’ असे लिहिलेले नव्हते.

जुन्या माणसांना कागद जपण्याची सवय होती. १९६१ साली गोव्यातील लोकांनी गहाण ठेवलेले दागिने त्या उल्त्रामारिनो बँकेने लिस्बनला हलविले, आणि ते परत यावयास १९९१ साल उजाडले. मध्ये तीस वर्षे गेली, कित्येक धनी वारले. इतक्या काळानंतर ‘हे आमचे आहे’ असे सांगावयाचे तर हाताशी जुनी पावतीच हवी. ज्या पत्र्याच्या पेटीत नाणी असतात, त्याच पेटीत अशा पावत्याही असत, हे आपण विसरू नये.

आज कागदाच्या जागी छायाचित्र आले, पावतीच्या जागी आकडे आले. पण शहाणपण तेच आहे. तेव्हा नातवाने पेटी उघडावी, नाणी पाहावीत, वाटल्यास विकावीतही. मात्र आधी आजोबांना विचारावे, नाण्यावरचे साल वाचावे, आणि प्रत्येकाची खूण टिपून ठेवावी. मग एखादे नाणे विकावयाचे राहून गेले, तरी हरकत नाही. ते घरच्या मुलांस दाखवावयास उपयोगी पडेल.